सेसना १७२ : नोजव्हील तिसऱ्या उसळीतच का मोडतं?

पतंग्या
सेसना १७२ एस (एक इंजिनाचं छोटं विमान), फ्लॅप (पंखांमागच्या खाली येणाऱ्या झडपा) ३० अंशांवर, वारा जवळपास नाहीच. फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत उतरतानाचा शेवटचा टप्पा) स्पीड ७५ नॉट. टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं. तिसऱ्यांदा नोजव्हील (नाकाखालचं चाक) मोडलं आणि प्रोपेलर धावपट्टीला लागला. पहिला धक्का किरकोळ होता, मग मोडायला तिसरी उसळी का लागली?

आडवा वारा
मूळ फायनलवरच आहे. फ्लॅप ३०ला हँडबुक ६० ते ७० नॉट सांगतं. ६५ऐवजी ७५ म्हणजे गतिज ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त. विमान तरंगत राहतं, धावपट्टी संपत चाललेली दिसते आणि हात योक (नाक वर-खाली करायचं हँडल) पुढे ढकलतो. मग मुख्य चाकांआधी नोजव्हील टेकतं.

नट-बोल्ट
नुसत्या स्पीडने काही मोडत नाही हो, मोडतं ते बळजबरीने टेकवल्यामुळे. नोजव्हील गुरुत्वमध्याच्या पुढे असतं. त्याला धक्का बसला की नाक वर जातं, अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन) वाढतो, विमान परत हवेत. पायलट नाक दाबतो, पण उशिरा. तोवर नाक आपणहून खाली यायला लागलेलं असतं. दोन्हींची बेरीज होते. प्रत्येक उसळीत स्पीडही उतरतो, म्हणून पुढची आपट आणखी जोरात, तीही नाकावर.

नोज स्ट्रटचा (नोजव्हीलच्या दांड्याचा) भार फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर) येतो. चाक शाबूत दिसलं तरी काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडून फायरवॉलच्या खालच्या भागात पत्र्याला सुरकुत्या आणि सैल रिव्हेट शोधा. प्रोपेलर लागला असेल तर पातं बदलून भागत नाही. या विमानाच्या लायकमिंग इंजिनमध्ये क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचा गिअर, त्याची डॉवेल पिन आणि बोल्ट तपासावेच लागतात, कारण झटका तिथवर पोचतो.

पतंग्या
आणि पहिल्या उसळीनंतर करायचं काय?

आडवा वारा
उसळी लहान असेल तर नाक आहे तिथे धरा, थोडी पॉवर द्या, पुन्हा फ्लेअर करा (टेकण्याआधी नाक हळूच उचला). मोठी असेल किंवा दुसरी असेल तर वाट बघू नका. थ्रॉटल पूर्ण, फ्लॅप २०, उजवा रडर (पायाने वळवायची शेपटीवरची उभी झडप), चढताना ६० नॉट. उरलेले फ्लॅप टप्प्याटप्प्याने, एकदम वर घेतलेत तर विमान खाली बसेल.

नट-बोल्ट
एक भर. ट्रिम (योकवरचा जोर कमी करणारी जुळवणी) लँडिंगसाठी मागे, म्हणजे नाक वर राहील अशी, लावलेली असते, त्यामुळे पूर्ण पॉवर देताच नाक जोरात वर येतं. तेव्हा मात्र योक पुढे दाबूनच धरावं लागतं आणि मग लगेच ट्रिम पुढे घ्यायची.