शोरूमवाले म्हणतात 'आमचे स्वतःचे चार्जर आहेत', त्यावर गाडी ठरवावी का?

औसा_रोड
नमस्कार. लातूरला राहते. आईला उपचारांसाठी अंबाजोगाई-केज-बीड मार्गे संभाजीनगरला न्यावं लागतं. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरलंय, घरी चार्जर बसेल. एका शोरूममध्ये कंपनीच्या स्वतःच्या चार्जरवर फार जोर दिला. मला आवडलेल्या दुसऱ्या गाडीच्या कंपनीचे चार्जर इकडे नाहीत. आई सोबत असताना रस्त्यात अडकायचं नाही. काय बघावं?

बीड_बायपास
ताई, नका ठरवू त्यावर. मी इलेक्ट्रिक गाडी भाड्यानं चालवतो, घर त्याच्यावरच चालतं, म्हणून कळकळीनं सांगतो. आपल्याकडच्या आताच्या बहुतेक चारचाकींना फास्ट चार्जिंगसाठी सीसीएस-२ या एकाच प्रकारची गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं गाडीत बसणारं टोक, लागते. चार्जरवर बोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, गन बसते. अमेरिकेत टेस्लाचं तसं नव्हतं. २०१२ पासून चार्जर त्यांचे, गन त्यांची, नंतर गाडी लावली की पैसेही आपोआप खात्यातून. तिथं नेटवर्क बघून गाडी घेण्यात अर्थ होता. २०२२ ला त्यांनी ती गन इतर कंपन्यांना खुली केली.

आपल्याकडं कंपनीचा चार्जर बऱ्याचदा शोरूमच्या आवारात असतो. काही अडलं तर गाडीची माहिती असलेला माणूस जवळ असतो, ही मोठी सोय. पण रात्री गेट बंद. फक्त चार्जर चालवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचे चार्जर बऱ्याचदा हायवेच्या हॉटेलवर, पेट्रोल पंपावर. तिथं आईला बसायला जागा, चहा, संडास मिळतो. म्हाताऱ्या माणसाला घेऊन तासभर थांबायचं तर हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग एका जागी गन किती ते बघा. ६० किलोवॅटच्या चार्जरला दोन गन असल्या तर दुसरी गाडी लागली की बहुतेक ठिकाणी ३०-३० वाटून मिळतात. तेवढ्यात ४० युनिटची बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर जायला तास लागतो. ॲप तीन-चार चार्जर कंपन्यांची फोनवर आधीच टाकून, थोडे पैसे भरून ठेवा. उन्हात उभं राहून ओटीपीची वाट बघणं लई वाईट.

जालना_वायरमन
भाऊंचं बरोबर आहे. त्यात भर एवढीच की बोर्ड कुणाचाही असला तरी वीज गेली की चार्जर बंद. हॉटेलवाल्याला फोन करून लाइट आहे का विचारून निघा. आणि गाडी ५० किलोवॅटच घेत असेल तर १८० च्या चार्जरवरही ५० च घेणार, जादा दर देऊन फायदा नाही. युनिटचा दर बघताना वरचा १८ टक्के जीएसटी धरा.

औसा_रोड
दोघांचेही आभार. बीडला पोचताना किती बॅटरी उरायला हवी?

बीड_बायपास
लातूरहून पूर्ण भरून निघालात, तर ४० युनिटच्या गाडीत एसी लावून साधारण निम्मी उरते. तिथंच भरा, संभाजीनगरपर्यंत ताणू नका. पहिला चार्जर बंद निघाला तरी गावातला दुसरा गाठता येतो. निघायच्या आदल्या रात्री ॲपवर त्या चार्जरखालच्या ताज्या प्रतिक्रिया वाचा. दोन दिवसांत कुणी गाडी भरली असेल तर तो चालू आहे असं धरायला हरकत नाही.