फलक गेटवर लावा, तोही तीन भाषांत

सोलापुरात बागेभोवती पत्रे ठोकल्यावरच आत काम निघालंय हे कळतं, तेव्हा सगळी माहिती पालिकेच्या संकेतस्थळावर टाका, असं कुणीतरी सुचवलंय. अर्धंच पटलं. दिवसभर विड्या वळून संध्याकाळी पोरांना बागेत नेणारी बाई संकेतस्थळ कशाला उघडेल? पूर्व भागात घरोघरी तेलुगू, कन्नडही शहरात भरपूर. त्यामुळे गेटवरच ठळक फलक हवा, मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये: काम काय, खर्च किती, ठेकेदार कोण, संपणार कधी, कुठलं झाड जाणार. तोही काम सुरू व्हायच्या आधी. (उद्घाटनाचे फ्लेक्स मात्र वेळेवर लागतात!)

हे उपकार म्हणून मागायचं नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार अशी माहिती कुणी न मागताच, स्थानिक भाषा लक्षात घेऊन द्यायची असते. फलक नसेल तर दहा रुपयांचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, होम मैदानावर एवढी गर्दी लोटते, तिथे बागांचे नकाशे आणि सूचनांची वही घेऊन पालिकेचा एखादा माणूस का बसू नये?