मदत हवी आहे : थंडीत सकाळी सुरू न होणारी कार्ब्युरेटरची मोटरसायकल

सर्व जाणकारांस नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरला लश्कर भागात राहतो. वडिलांची 100 सीसीची, कार्ब्युरेटर (हवा व पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेली जुनी मोटरसायकल जानेवारीच्या थंडीत सकाळी चोक ओढूनही बराच वेळ किक मारल्याशिवाय सुरू होत नाही. एकदा इंजिन तापले, की दिवसभर काहीही तक्रार नसते.

घरी प्लग काढून पाहिला, तेव्हा त्यावर कोरडी काळी काजळी होती. मिश्रणात पेट्रोल जास्त जात असावे, असे समजून एअर फिल्टर बदलला, प्लगही नवा बसवला आणि हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी ओढले जाते म्हणून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठते त्या फ्लोटच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून तळाचे पेट्रोल काढून टाकले, तरी फारसा फरक पडला नाही.

आता दोन शंका उरल्या आहेत. थंड इंजिनाला लागणारे दाट मिश्रण चोकमधून नीट मिळते की नाही, हे कार्ब्युरेटर न उतरवता कसे तपासावे? आणि टॅपेट घट्ट झाल्याने (म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली बारीक फट कमी झाल्याने) व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसेल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी पडत असेल, तर अशीच लक्षणे दिसतात का? माझ्याकडे ही फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिलर गेज आहे, परंतु पिस्टन कॉम्प्रेशनच्याच फेरीत वर आला आहे, हे नवख्याने खात्रीने कसे ओळखावे, हे कृपया सविस्तर सांगावे. वडिलांना पहाटेच बाहेर पडावे लागते आणि त्यांच्या गुडघ्यांना इतक्या किका झेपत नाहीत, म्हणून हे काम मला नीट शिकून घ्यायचे आहे.