शब्दचर्चा : 'रीजनल फ्रँचायझी', गाड्यांचं 'स्टायलिंग' आणि 'नॉस्टॅल्जिया'

प्रश्न : ब्रिटनच्या जुन्या आयटीव्ही या खासगी टीव्ही वाहिनीबद्दल लिहितेय. 'रीजनल फ्रँचायझी'ला 'प्रादेशिक शाखा' म्हणू का? आणि त्याच काळातल्या गाड्यांच्या 'स्टायलिंग'ला काय म्हणावं?

उत्तर : 'शाखा' नको. शाखा म्हटली की वर मुख्य कचेरी आली. १९५५ साली सुरू झालेल्या आयटीव्हीत तसं नव्हतं. उत्तर इंग्लंडात ग्रॅनडा, पूर्वेकडे अँग्लिया, अशी दर प्रदेशाची कंपनी वेगळी, आणि तिचा करार ठरावीक मुदतीचा. मुदत संपली की प्रदेश हातचा जाऊही शकायचा. सदर्न १९८१च्या अखेरीस पडद्यावरून गेली, थेम्स १९९२च्या अखेरीस. याला मराठीत नेमका शब्द आहे, 'मक्ता'. त्या कंपन्यांना तिकडे अधिकृतपणे कंत्राटदारच म्हणत, म्हणजे आपले मक्तेदार.

शंका : पण 'मक्ता' म्हटलं की लिलाव आठवतो. सुरुवातीला बोली कुठे होती?

उत्तर : खरंय, आधी नियामक मंडळ अर्ज पाहून निवड करायचं. बंद लिफाफ्यातल्या बोली १९९१ साली आल्या. समोर स्पर्धकच नसल्यामुळे सेंट्रलला वर्षाला अवघ्या २,००० पौंडांत मक्ता मिळाला. तरी प्रदेश, मुदत आणि एकाच्याच हाती हक्क या तिन्ही गोष्टी 'मक्ता'त आधीपासून आहेत. मी तोच वापरेन.

'स्टायलिंग'ला 'घाट'. 'रचना' म्हटलं की इंजिनापर्यंत सगळं आलं; घाट फक्त डोळ्यांना दिसतो. १९५९ची फोर्ड अँग्लिया बघा. मागची काच वरून खाली येताना आत शिरते, त्यामुळे छताची कड तिच्यावर वळचणीसारखी पुढे आलेली दिसते. दोन्ही बाजूंना मागे छोटे 'टेलफिन'; त्यांना माशाचे असतात तसे 'पर' म्हणावं, 'पंख' म्हटलं तर विमान डोळ्यांपुढे येतं. फक्त या गाडीला 'विंटेज' म्हणू नका. ब्रिटनमधले जुन्या गाड्यांचे जाणकार तो शब्द १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांसाठी राखून ठेवतात. ही 'क्लासिक'.

शंका : मग 'नॉस्टॅल्जिया'? स्मरणरंजन की गतकातरता?

उत्तर : दोन्ही हवेत, पण जागा वेगळ्या. 'स्मरणरंजन'मध्ये सुख आहे, 'गतकातरता'मध्ये हुरहूर. अँग्लिया गाडी आजही कुणी घासूनपुसून रस्त्यावर काढतं, क्रोम चमकवतं; ते स्मरणरंजन. अँग्लिया टेलिव्हिजनही त्याच १९५९ सालचं. कार्यक्रमांआधी त्याचा चांदीचा घोडेस्वार पडद्यावर गोल फिरायचा. त्याची चित्रफीत आज हवी तेव्हा बघता येते, पण आपल्या प्रदेशाची म्हणून जी वाहिनी संध्याकाळी घरोघरी लागायची, ती आता कुणालाच लावता येत नाही. २००४ साली कार्लटन आणि ग्रॅनडा या दोन मक्तेदार कंपन्या एक झाल्या आणि इंग्लंड-वेल्सचे मक्ते एकाच कंपनीकडे गेले. तिथे मला 'गतकातरता'च लिहावंसं वाटतं.