एअर पिस्तूल: शॉट डावीकडे खाली जातात, ड्राय फायरमध्ये मात्र फ्रंट साइट हलत नाही

नमस्कार. मी परभणीची असून १० मीटर एअर पिस्तूल उजव्या हाताने खेळते. घराजवळ रेंज नसल्यामुळे आठवडाभर घरीच ड्राय फायर (पेलेट न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव) करते आणि रविवारी छत्रपती संभाजीनगरला जाऊन प्रत्यक्ष पेलेट, म्हणजे छोट्या गोळ्या, मारते. अडचण अशी आहे की दहा शॉटांच्या प्रत्येक मालिकेत तीन-चार शॉट घड्याळातल्या सातच्या दिशेने, म्हणजे डावीकडे खाली, सातच्या किंवा आठच्या वर्तुळात जातात; उरलेले मात्र नऊ-दहात व्यवस्थित बसतात. घरी पांढऱ्या भिंतीसमोर ट्रिगर दाबताना फ्रंट साइट (नळीच्या टोकाचा नेम धरायचा भाग) जागची हलत नाही, हे मी वारंवार तपासले आहे.

रेंजवरच्या एका ज्येष्ठ खेळाडूंनी रिअर साइट (मागची खाच) उजवीकडे आणि वर फिरवून घ्या, असे सुचवले. मला ते पटलेले नाही. सगळेच शॉट एका ठिकाणी गोळा झाले असते तर साइट फिरवणे योग्य ठरले असते. पण ज्या साइटवर सहा शॉट मध्यावर लागतात त्याच साइटवर चार खाली जात असतील, तर ती फिरवून हे चार मध्यावर येतील आणि आज मध्यावर लागणारे सहा उजवीकडे वर निघून जातील.

थोडा हिशेबही करून पाहिला. माझ्या पिस्तुलाच्या दोन्ही साइटमधले अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर आहे. फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर शॉट सुमारे ३० मिलिमीटर सरकतो, आणि दहाचे वर्तुळच ११.५ मिलिमीटर व्यासाचे असल्यामुळे तो थेट सातात जातो. याउलट संपूर्ण हात समांतर एक मिलिमीटर हलला तर शॉटही तेवढाच हलतो. त्यामुळे हाताच्या थरथरीला मी फारसा दोष देत नाही. मनगटाचा कोन शॉट सुटण्याच्या क्षणी बदलत असावा. ट्रिगर नियमातल्या ५०० ग्रॅमच्या किमान वजनापेक्षा किंचितच जड आहे, म्हणजे तो आणखी हलका करण्याचाही मार्ग उरलेला नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली तळहाताला घाम सुटतो, पकड आपोआप आवळली जाते आणि त्या दिवसांत खालच्या शॉटांची संख्या वाढते, हीही नोंद करते.

दोष ट्रिगर दाबण्यात आहे की पकडीत, हे वेगवेगळे कसे ओळखावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, साइटच्या स्क्रूला हात लावला नाहीत हे उत्तम केलेत. भिंतीसमोर दोष दिसत नाही, कारण तिथे गुण मिळवायचे नसतात. समोर काळे वर्तुळ आले आणि साइट क्षणभर नेमकी जागी बसली की "आत्ताच" म्हणून बोट झडप घालते, आणि त्या बोटासोबत उरलेली बोटेही आवळली जातात. उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट तेव्हा बहुधा डावीकडे खालीच जातो.

ओळखण्यासाठी प्रशिक्षकांची मदत घ्या. त्यांनी कधी पेलेट भरून, तर कधी ड्राय फायरवर ठेवून, तुम्हाला न सांगता पिस्तूल द्यावे. पिस्तुलाचे तोंड अर्थातच कायम टार्गेटकडे. पेलेट नसतानाही फ्रंट साइट खाली बुडाली तर दोष त्या झडपेचा आहे, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. दुसरे म्हणजे, कागदी टार्गेट उलटे लावून त्याच्या कोऱ्या बाजूवर मालिका मारा. ग्रुप (शॉटांचा पुंजका) गोल आणि लहान आला तर पकड ठीक आहे, काळे वर्तुळच तुम्हाला घाई करायला लावते. ग्रुप तरीही डावीकडे खाली लांबट आला तर मात्र पकडीकडे वळावे लागेल. पकडताना जोर मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा असावा, अंगठा आणि करंगळी नुसती टेकलेली असावीत, आणि तर्जनी ग्रिपच्या लाकडाला मुळीच लागू नये.

ट्रिगरचा पहिला, हलका टप्पा हात खाली येतानाच घ्या आणि साइट स्थिर होण्याची वाट न पाहता दाब वाढवत राहा. लक्ष फ्रंट साइटवर असावे, वर्तुळ धूसर दिसले तरी चालते. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या. डोळा आणि खांदा दोन्ही थकल्यावर ओढलेला शॉट क्वचितच चांगला लागतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटांना ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. त्यात पिस्तूल टेबलावर ठेवून हात टॉवेलला पुसण्याइतका वेळ नक्कीच असतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो वापरलाच पाहिजे.

कोऱ्या बाजूवर मारलेल्या टार्गेटचा फोटो इथे टाका. ग्रुपचा आकार पाहिल्यावर ग्रिप (लाकडी मूठ) घासावी लागेल की पुटी लावून भरावी लागेल ते सांगता येईल. तोवर लाकडाला कानस लावू नका.