एक्स-रेचा कोर्स म्हणजे "पोराला कंपाउंडर करणं"? माझं उत्तर

सॅक्रॅमेंटोची_आई
काल एका काकांनी लिहिलं, "अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात (स्वस्त सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजात) एक्स-रे शिकवणं म्हणजे हुशार पोराला कंपाउंडर करणं. पगार बेताचा, कर्ज मात्र गळ्याशी." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

कॅलिफोर्नियात रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटमागे (अभ्यासाच्या मापामागे) ४६ डॉलर. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी धरून माझ्या लेकीचे ९२ युनिट झाले. म्हणजे ४,२३२ डॉलर. पुस्तकं, स्क्रब्ज, लसी, बॅकग्राउंड चेक, परीक्षेची फी सगळं धरून साडेसात हजारांच्या आत भागलं. ५,५०० चं फेडरल कर्ज काढलं होतं, ते नोकरीच्या पहिल्या वर्षातच फिटलं. सरकारी आकड्यांत मे २०२४ चा देशभरातल्या एक्स-रे टेक्नॉलॉजिस्टचा मीडियन (मधला) वार्षिक पगार ७७,६६० डॉलर आहे, एमआरआयवाल्यांचा ८८,१८०. याला बेताचा म्हणायचं?

आणि कंपाउंडर? पहाटे तीनला अपघातातला माणूस येतो, मानेला कॉलर. त्याला न हलवता मानेचा फोटो काढायचा असतो. सातवा मणका खांद्याआड दडतो, आणि तो दिसला नाही तर फोटो अपुरा. हे एकवीस वर्षांची पोर करते, काका.

हिशेबी_नाशिककर
ताई, मुलीचं कौतुक आहेच, पण हिशेब अर्धा मांडलात. मीडियनमध्ये वीस वर्षं काम केलेलेही येतात. नव्या पोराच्या हातात तेवढे पडत नाहीत. आणि कोर्स दोन वर्षांचा कुठे राहिला? आधीचे विषय, मग नंबर लागायची वाट. माझ्या भाच्याला अर्जापासून बॅजपर्यंत पावणेपाच वर्षं लागली. एवढ्या वर्षांत न कमावलेले पैसे कोणी धरायचे? शिवाय तुमची लेक घरी जेवत होती. खोलीचं भाडं भरणाऱ्याचं कर्ज फीसाठी नसतं, जगण्यासाठी असतं.

रात्रपाळी
कर्जाबद्दल मी बोलतो, कारण मी अजून फेडतोय. कम्युनिटी कॉलेजात दोनदा नंबर हुकला. एका खासगी कॉलेजवाल्यांनी "पुढच्या महिन्यात वर्ग सुरू" म्हणून फोन केला आणि मी सही केली. ५१ हजारांचं कर्ज. परीक्षा तीच, नोंदणी करणारी रजिस्ट्री तीच, तासाचा दर तोच. माझ्या शेजारच्या रूममध्ये कम्युनिटी कॉलेजची मुलगी काम करते, तिच्या डोक्यावर एक छदाम नाही. काकांनी कर्जाचा राग धरावा, पण योग्य दारावर.

कोल्हापुरी_तिखट
मुद्द्याचं कोणीच बोलत नाही. क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण! आठवड्याला तीन-तीन दिवस हॉस्पिटलात फुकट राबायचं, वर त्याच युनिटांची फी आपणच भरायची. माझा मुलगा दुसऱ्या वर्षाला पोर्टेबल मशीन ढकलत मजलेच्या मजले फिरायचा आणि पगारी माणूस कॉफी पीत बसायचा. ही पिळवणूक आहे.

रात्रपाळी
पिळवणूक हा शब्द जपून वापरा. जेआरसीईआरटी, म्हणजे या कोर्सना मान्यता देणारी संस्था, तिच्या नियमात पगारी माणसाच्या जागी विद्यार्थी वापरता येत नाही. फोटो परत काढायची वेळ आली तर टेक्नॉलॉजिस्ट त्याच्याजवळ उभा असायलाच हवा. मी शिकवतो पोरांना. पेशंटला दुसऱ्यांदा रेडिएशन जातं तेव्हा माझा जीव वर-खाली होतो.

कोल्हापुरी_तिखट
नियम भिंतीवर लावायला असतात! माझ्या पोराच्या वेळी तुम्ही होतात का तिथे? तक्रार केली असती तर कॉम्पिटन्सीवर, म्हणजे काम जमतं या नोंदीवर, सही मिळाली नसती. जेवायला घरी यायचा तेव्हा पाठ धरून बसायचा, मी शेक द्यायचे. मला नियम सांगू नका.

एच४_नागपूर
ताई, तुमच्या मुलाचं वाईट वाटलं, खरंच. पण माझंही ऐका. मी एच-४ वर (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) होते, ईएडी, म्हणजे काम करायची परवानगी, नव्हती. क्लिनिकलला पगार असता तर मला तिथे पायही ठेवता आला नसता! बिनपगारी होतं, अभ्यासक्रमाचा भाग होतं, म्हणून मी शिकू शकले. फेडरल मदत आम्हाला नाहीच, पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) नाही, कर्ज नाही. प्रत्येक सेमिस्टरची फी नवऱ्याच्या पगारातून, आणि दर वेळी मान खाली. मंडळाच्या गणपतीत एक बाई म्हणाल्या, "एमएस्सी करून हे?" ईएडी आलं आणि तीन आठवड्यांत नोकरी लागली. पहिला पगार मी आईला नागपूरला पाठवला.

हिशेबी_नाशिककर
म्हणजे काही जणांना परवडावं म्हणून सगळ्यांनी फुकट राबावं?

एच४_नागपूर
असं मी म्हटलेलं नाही. शब्द माझ्या तोंडात घालू नका.

कोल्हापुरी_तिखट
नाशिककर, तिच्यावर कशाला घसरताय? तिची अडचण माझ्या ध्यानातच आली नव्हती. पण निदान पेट्रोलचे पैसे आणि पार्किंग तरी द्यावं की नाही? माझा मुलगा रोज ४० मैल जायचा आणि पार्किंगचे आठ डॉलर भरायचा. यावर मी हटणार नाही.

रात्रपाळी
पार्किंगचं मान्य. आमच्याकडेही विद्यार्थ्यांना भरावं लागतं. लाजिरवाणं आहे.

सॅक्रॅमेंटोची_आई
नाशिककर, घरी राहण्याचा मुद्दा मी गाळला, ती माझी चूक. खोली घेतली असती तर कर्ज तिप्पट झालं असतं. वाट पाहायची म्हणाल, तर तीही तीन सेमिस्टर थांबली, पण तेवढ्यात तिने नर्सिंग होममध्ये काम केलं. म्हातारी माणसं उचलायला तिथेच शिकली. ती वर्षं वाया गेली असं मी लिहिणार नाही.

हिशेबी_नाशिककर
ठीक. कम्युनिटी कॉलेज, तेही घरून, तर कर्जाचा बाऊ नको, एवढं मी मानतो. पगाराचं नाही मानत. भाचा अजून पर-डिएमवर, म्हणजे बोलावतील तेव्हाच्या कामावर, आहे, हॉस्पिटलचा विमा नाही.

रात्रपाळी
त्याला सीटीचं सर्टिफिकेट करायला सांगा. मला त्यानेच पूर्णवेळ जागा मिळाली. आणि ज्यांची मुलं आता अर्ज करताहेत त्यांनी सही करण्याआधी कॉलेजच्या पानावर तीन आकडे शोधा: पूर्ण किती जण करतात, पहिल्या फटक्यात पास किती होतात, वर्षभरात नोकरी किती जणांना लागते. मान्यता असलेल्या कॉलेजला ते छापावेच लागतात. माझ्या वर्गात २२ जण होतो, शेवटी उरलो ९. बाकीच्या तेरा जणांचं कर्ज आहे, डिग्री नाही.

कोल्हापुरी_तिखट
तेरा? त्यांचं पुढे काय झालं?

रात्रपाळी
दोघांचं माहीत आहे. एक गोदामात आहे. दुसरी परत कम्युनिटी कॉलेजच्या यादीत थांबली आहे. तिचा एकही क्रेडिट तिथे धरला नाही.