मदत हवी आहे: हीट पंपातून अचानक वाफ, गॅस गळतोय का?

मंडळी, नव्या घरात हीटरऐवजी हीट पंप आहे. उन्हाळ्यात एसीसारखा मुकाट चालला. थंडी पडल्यापासून मात्र त्याने डोकं खाल्लंय.

काल पहाटे बाहेर १ अंश. बाहेरच्या डब्याच्या जाळीवर पांढराशुभ्र बर्फ. तेवढ्यात आतली गरम हवा थांबली, बाहेरचा पंखा थांबला, फुस्स असा आवाज आला आणि डब्यातून भसाभस वाफ! पाच-सात मिनिटांनी आपलं आपण सगळं सुरू. खाली पाण्याचं थारोळं. कोणाला बोलवू का?

शिवाय बसवणारा म्हणाला होता, एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळते. ही थाप ना?

प्रतिसाद १
गळती नाही, डीफ्रॉस्ट आहे. १ अंशाच्या हवेतली उष्णता ओढायची तर बाहेरची कॉइल (गॅस फिरतो त्या नळ्यांची जाळी) त्याहून थंड, म्हणजे शून्याखाली हवी. मग हवेतलं बाष्प तिच्यावर गोठणारच. बर्फ साचला की आतला व्हॉल्व्ह उलटा फिरतो (फुस्स तोच) आणि यंत्र काही मिनिटं चक्क एसी होतं. घरातली ऊब घेऊन बाहेरचा बर्फ वितळवतं.

थापही नाही. वीज इथे उष्णता तयार करत नाही, हमाली करते. फ्रीजच्या मागची ऊब आठवा. तीनातलं एक युनिट विजेचं, दोन बाहेरच्या हवेतली. थंड हवेत कसली उष्णता, असं वाटतं खरं, पण ती पुरती संपते उणे २७३ला. पंपात फिरणारा आर-३२ हा गॅस साध्या दाबाला उणे ५२च्या आसपासच उकळतो, त्याच्यापुढे तुमची १ अंशाची हवा म्हणजे पेटती चूल. पुढे कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो. थंडी वाढेल तसा तीनाचा आकडा घसरतो, हे बसवणारे सांगत नाहीत.

धागाकर्ता
हुश्श! मी रात्री बंद करून सकाळी एकदम २६वर ठेवतो. चालेल?

प्रतिसाद २
नका करू. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) मंद चालतो तेव्हाच काटकसरी असतो. बॅकअप हीटर असेल तर अशा झटक्याला तोच पेटतो, आणि तिथे एकाला एकच. रात्री एक-दोन अंश कमी करा, बास. डीफ्रॉस्टनंतरही बर्फ तसाच राहिला तर मात्र मेकॅनिक बोलवा.

धागाकर्ता
आत्ताच बघून आलो, जाळी स्वच्छ आहे. थारोळ्याचा मात्र बर्फ झालाय, घसरता घसरता वाचलो.